तिसरी-चौथीच्या जोडवर्गात विशेष गरजा असलेली दोन मुले : प्रशिक्षण आणि साहित्य कोठून मिळवावे?

प्रश्न : प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा

नमस्कार. मी जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातील एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी आणि चौथीचा जोडवर्ग सांभाळते. यंदा माझ्या वर्गात दोन मुले अशी आहेत की त्यांच्यासाठी मी जे करते ते पुरेसे नाही, हे मला रोज जाणवते. नेमके काय करावे, ते कोणाकडून शिकावे आणि त्यासाठी मराठीत कोणते साहित्य मिळते, याची माहिती एका ठिकाणी मिळाली नाही, म्हणून येथे सविस्तर विचारते आहे.

पहिला मुलगा तिसरीत आहे आणि त्याला आठ वर्षे पूर्ण झाली आहेत. घरी मेंढ्या आहेत. बाजारात किती लोकर गेली, किती पैसे आले, किती उधारी राहिली, हे तो तोंडी बिनचूक सांगतो. परिसर अभ्यासाचा पाठ मी वाचून दाखवला की त्यावरच्या प्रश्नांची उत्तरे सर्वांत आधी त्याचीच येतात. मात्र स्वतः वाचायला घेतले की ‘दिवा’चे ‘दवा’ होते, ‘घर’चे ‘धर’ होते, आणि फळ्यावरचे उतरवून घेताना अर्ध्या ओळी गळतात. ‘मोठा झाला की वाचेल’ असे वडिलांचे म्हणणे आहे.

दुसरी मुलगी चौथीत आहे. तिच्याकडे बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र आहे. ती मोजकेच शब्द बोलते, ओळखीच्या माणसाचा हात धरून हवे ते दाखवते, आणि घंटा वाजली की कानांवर हात ठेवून वर्गाबाहेर पळते. बाकीच्या मुलांचा पाठ चालू असताना मी तिला रंग आणि चित्रे देते. पण वर्षभर चित्रे रंगवून घेणे म्हणजे तिला शिकवणे नव्हे, हे मला कळते.

दीक्षा या शासकीय पोर्टलवरचे ‘निष्ठा’ हे शिक्षकांसाठीचे ऑनलाइन प्रशिक्षण मी पूर्ण केले आहे. त्यातून दिव्यांगत्वाचे प्रकार आणि कायदा यांची ओळख झाली. पण सोमवारी सकाळी वर्गात गेल्यावर या दोघांना पहिल्या तासाला काय द्यायचे, याचे उत्तर मिळाले नाही. गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षक येतात तेव्हा मनापासून मदत करतात, परंतु त्यांच्याकडे शाळांची संख्याच मोठी आहे. नोकरी न सोडता घेता येईल असे कोणते प्रशिक्षण आहे? मुलाची तपासणी कोठे आणि कोणत्या क्रमाने करावी? आणि जोडवर्गात या दोघांसाठी रोज काय करता येईल?

उत्तर : समावेशित शिक्षण विभागातील विशेष शिक्षिका, अहिल्यानगर जिल्हा

मॅडम, आपण दोन्ही मुलांचे जे वर्णन केले आहे, तेच पुढील सर्व कामाचा पाया आहे. पुष्कळदा आमच्याकडे ‘अभ्यासात मागे’ एवढ्या दोनच शब्दांत मूल पाठवले जाते आणि मग सुरुवात शून्यापासून करावी लागते.

मुलाबाबत आधी डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते. त्याची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत संपर्क साधला तर जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे संदर्भचिठ्ठी मिळू शकते. नंबरचा चष्मा न लागल्यामुळे किंवा कानात जुना संसर्ग राहिल्यामुळे वाचन अडलेले असेल, तर त्याला अध्ययन अक्षमता (समज चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणारी अडचण) म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यानंतर एनसीईआरटीची ‘प्रशस्त’ ही पडताळणी सूची भरा. तिचा पहिला भाग वर्गशिक्षकांसाठी आहे, तर दुसरा भाग विशेष शिक्षक, समुपदेशक किंवा मुख्याध्यापकांसाठी. तिच्यावरून निदान करायचे नसते. पुढे कोणाकडे पाठवायचे, एवढेच तिच्यातून ठरते. वाचनाच्या बाबतीत मराठीतच तपासायचे असेल तर मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेले ‘डाली’ हे साधन पाहा. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा भाषांमध्ये ते तयार झाले आणि त्यातील चाळणीची साधने पहिली-दुसरीसाठी वेगळी, तिसरी ते पाचवीसाठी वेगळी आहेत. इंग्रजी चाचणीचे भाषांतर करून मराठी मुलाला तपासण्यापेक्षा हे शतपटीने योग्य आहे, कारण मराठी वाचताना मूल जेथे अडते त्या जागाच निराळ्या आहेत.

या जागांबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण आपल्या प्रशिक्षणांमध्ये याला फार कमी वेळ मिळतो. ‘दिवा’ हा शब्द घ्या. डोळ्यांना आधी वेलांटी दिसते आणि मग ‘द’ दिसतो. तोंडाने मात्र आधी ‘द’ आणि मग ‘इ’ म्हणायचे असते. ज्या मुलाला अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालायला वेळ लागतो, ते या उलट क्रमापाशी थांबते आणि बहुधा वेलांटी सोडून देते. म्हणून तुमच्या मुलाचे ‘दवा’ हे उत्तर आळसाचे नाही. काही दिवस फक्त पहिली वेलांटी घ्या. पाटीवर किंवा वाळूच्या ताटात आधी ‘द’ काढायला लावा, तो उच्चारायला लावा, मग वेगळ्या रंगाच्या खडूने वेलांटी काढून ‘दि’ म्हणायला सांगा. जिना, किडा, पिठले, विहीर, मिरची असे त्याच्या घरातले शब्द घ्या. दुसरी वेलांटी असलेले शब्द वाचनात आले तरी त्यांच्यावर अडवू नका. घ-ध, भ-म, प-ष, थ-य या सारख्या दिसणाऱ्या जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नका. एक अक्षर पक्के झाल्यावर दुसरे आणा. जोडाक्षरांत सर्वांत त्रास ‘र’चा होतो, कारण ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘ट्रक’ आणि ‘दुसऱ्या’ या चार शब्दांत तो चार निरनिराळ्या रूपांत दिसतो. प्रत्येक रूपासाठी स्वतंत्र शब्दपट्ट्या करा आणि चारही एकत्र आणण्याची घाई करू नका.

दुसरी गोष्ट मूल्यमापनाची. परिसर अभ्यास आणि गणित यांत त्याला काय समजले हे पाहायचे असेल, तर प्रश्न वाचून दाखवा आणि उत्तर तोंडी घ्या. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तोंडी काम, प्रात्यक्षिक, कृती यांना जागा आहेच. त्याचे वाचन कमकुवत आहे म्हणून त्याचे गणितही कमकुवत ठरवले जाऊ नये. आणि पूर्ण वर्गासमोर उभे करून प्रकट वाचन घेणे कृपया थांबवावे.

वरील कोणत्याही गोष्टीसाठी प्रमाणपत्राची गरज नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १६ नुसार विशिष्ट अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणे आणि त्यानुसार अध्यापनात बदल करणे हे शाळेचेच कर्तव्य आहे. प्रमाणपत्र परीक्षेतील सवलतींसाठी लागते. त्याची वाट पाहत मुलाचे वर्ष जाऊ देऊ नका.

मुलीबाबत मी एक वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करायला सांगेन, पण तो एका पानाचा असावा. शासकीय नमुन्यात रकाने पुष्कळ असतात आणि ते भरता भरता मूल बाजूला राहते. एका सत्रासाठी तीनच उद्दिष्टे ठेवा : एक स्वावलंबनाचे, एक संवादाचे, एक वर्गातील सहभागाचे. पोषण आहारापूर्वी हात धुणे हे पहिले उद्दिष्ट घेऊ. नळापाशी जाणे, नळ सोडणे, हात ओले करणे, साबण लावणे, चोळणे, धुणे, नळ बंद करणे, पुसणे असे टप्पे पाडा आणि सुरुवातीला बाकी सर्व टप्पे तिचा हात धरून करून, फक्त शेवटचा पुसण्याचा टप्पा तिला स्वतः करू द्या. तो जमला की त्याच्या आधीचा टप्पा तिच्याकडे सोपवा. अशा उलट क्रमाने शिकवल्यामुळे प्रत्येक वेळी काम तिच्या हातून पूर्ण होते आणि हात धुवायला जाणे तिला आवडू लागते.

संवादासाठी ‘पाणी’, ‘शू’, ‘नको’, ‘आणखी’, ‘बाहेर’ अशी पाच-सहा चित्रकार्डे दोरीत ओवून तिच्या हाताशी ठेवा. भ्रमणध्वनी किंवा टॅब वापरता येत असेल तर आयआयटी मुंबईत विकसित झालेले ‘जेलो’ हे मोफत ॲप मराठीतही बोलते. चित्रांची सवय लागली तर मूल बोलायचे थांबेल अशी पालकांना भीती वाटते. तसे होत नाही, हे त्यांना आधीच समजावून सांगा. घंटेबद्दल सांगायचे तर, ती वाजण्यापूर्वी तिला चित्र दाखवून सूचना द्या, आणि शक्य असल्यास घंटा देण्याचे काम एखाद्या मुलासोबत तिच्याकडेच द्या. जो आवाज आपण स्वतः करतो त्याची दचक कमी होते. तरीही त्रास होत असेल तर लोखंडी टोला बदलून हलकी घंटा वापरता येईल.

अभ्यासक्रमाच्या साहित्यासाठी मुंबईतील जय वकील फाउंडेशनच्या ‘दिशा’ अभ्यासक्रमाकडे अवश्य पाहा. १९४४ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या या संस्थेचा तो अभ्यासक्रम राज्यातील विशेष शाळांमध्ये ‘दिशा अभियान’ या नावाने पोहोचला आहे. तो विशेष शाळांसाठी आहे हे खरे, परंतु त्यातील कौशल्यांचे टप्पे सर्वसाधारण शाळेतील वर्गशिक्षकालाही उपयोगी पडतात.

उत्तर : पालक, मुंबई

बाई, आपला प्रश्न वाचून माझ्या मुलाच्या तिसरीच्या वर्गाची आठवण झाली. तो आता दहावीत आहे आणि त्याला विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आहे. आधीच्या ताईंनी अध्यापनाबद्दल लिहिलेच आहे. मी फक्त प्रमाणपत्र आणि पालकांशी बोलणे या दोन बाबींवर लिहिते.

महाराष्ट्राने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात १९९६ मध्येच केली. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या अध्ययन अक्षमता विभागात आमच्या मुलाची तपासणी झाली. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक अशा तिघांकडून टप्प्याटप्प्याने तपासणी होत असल्याने एका भेटीत काम होत नाही, हे गावाकडून येणाऱ्या पालकांना आधी सांगणे आवश्यक आहे; नाहीतर एक दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही. जाताना मुलाच्या वह्या घेऊन जा. झेरॉक्स नको, मूळ वह्याच हव्यात, कारण खोडाखोड, गाळलेल्या ओळी आणि अक्षरांचा दाब हे सर्व त्यांत दिसते. शिक्षकांचा लेखी अभिप्रायही सोबत हवा. आपण वर जे लिहिले आहे तेच शाळेच्या कागदावर लिहून दिलेत तरी तपासणाऱ्याचे अर्धे काम होईल.

केंद्राच्या २०१८ च्या सूचनांनुसार हे प्रमाणपत्र आठ वर्षे पूर्ण झाल्यावर दिले जाते आणि वयाच्या चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. आमच्या पहिल्या शाळेने ‘सातवीपर्यंत थांबू’ असे सांगून ही गोष्ट वर्षानुवर्षे लांबवली. त्या काळात मुलाने स्वतःबद्दल जे मत करून घेतले, ते पुसायला आम्हाला पुढची कित्येक वर्षे लागली. म्हणून आपल्यासारख्या शिक्षिकेने तिसरीतच हा प्रश्न विचारावा, याचे मोल मला फार वाटते.

सवलतींबद्दल एक सावधगिरी. वाढीव वेळ आणि लेखनिक यांचा लाभ निःसंकोचपणे घ्यावा. भाषा किंवा गणिताबाबतची सूट मात्र मुलाला पुढे काय शिकायचे आहे याचा विचार करून, आणि मुलाशी बोलूनच घ्यावी. तोंडी हिशेब बिनचूक करणाऱ्या तुमच्या विद्यार्थ्याला सोपे गणित देऊन टाकले, तर त्याची सर्वांत भक्कम बाजूच काढून घेतल्यासारखे होईल.

वडिलांशी बोलताना ‘अक्षमता’ या शब्दापासून सुरुवात करू नका. त्याला काय येते ते आधी त्यांना डोळ्यांनी पाहू द्या : त्यांच्यासमोर पाठ वाचून दाखवा, त्याच्याकडून उत्तरे घ्या, आणि मग तोच पाठ त्याला वाचायला द्या. हा फरक समोर दिसला की पुढचे बोलणे सोपे होते. आणखी एक : महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही पालक आणि तज्ज्ञांनी मुंबईत उभी केलेली संस्था शिक्षकांसाठीही प्रशिक्षण घेते. त्यांच्याकडे जरूर चौकशी करा.

उत्तर : सेवानिवृत्त केंद्रप्रमुख, कोल्हापूर जिल्हा

प्रशिक्षणाचा प्रश्न थोडा बाजूला राहिला आहे, म्हणून त्यावर लिहितो.

विशेष शिक्षक म्हणून पात्र ठरायचे असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली विशेष शिक्षणातील पदविका किंवा बी.एड. लागते. १९९२ च्या कायद्यानुसार परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय कोणालाही विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. सध्या शनिवार-रविवारच्या वर्गांतून किंवा काही तासांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमातून ‘स्पेशल एज्युकेटर’ बनवून देण्याच्या जाहिराती सर्रास दिसतात. माहिती मिळवण्यासाठी असा वर्ग केला तर हरकत नाही, पण पैसे भरण्यापूर्वी परिषदेच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचे आणि अभ्यासक्रमाचे नाव आहे का, हे तपासावे.

मॅडमना मात्र पद बदलायचे नाही, वर्ग नीट चालवायचा आहे. त्यासाठी पदवीपेक्षा सराव लागतो आणि तो कोणीतरी पाहून दुरुस्त करावा लागतो. आपल्याकडील प्रशिक्षणांचे दुखणे येथेच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण सर्व शिक्षकांना एकाच वेळी एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वाची यादी सांगतो आणि प्रत्येकाच्या वर्गात प्रत्यक्षात जे एक-दोन मुलगे-मुली आहेत, त्यांच्याविषयी एक शब्दही बोलत नाही. केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या समूहाच्या, शिक्षण परिषदेत दर वेळी एक तास एका मुलासाठी राखून ठेवावा. वर्गशिक्षकाने त्याच्या वह्या आणि दोन मिनिटांचे चित्रीकरण आणावे (पालकांची लेखी संमती घेऊनच, आणि चित्रीकरण कोणत्याही गटावर न पाठवता), विशेष शिक्षकाने त्यावर बोलावे, आणि पुढच्या परिषदेत काय बदलले ते सांगावे. यासाठी वेगळा निधी किंवा वेगळा आदेश लागत नाही. आपल्या केंद्रप्रमुखांकडे ही मागणी लेखी करा.

बाहेर जाऊन शिकण्याची संधी मिळाली तर बौद्धिक अक्षमतेसाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेचे नवी मुंबईतील प्रादेशिक केंद्र आहे, श्रवणदोषासाठी वांद्रे येथील अली यावर जंग संस्था आहे, आणि विदर्भातील शिक्षकांना नागपूरचे संयुक्त प्रादेशिक केंद्र जवळ पडते. पुण्यात १९६४ पासून काम करणाऱ्या ‘कामायनी’सारख्या जुन्या संस्थेत परवानगी घेऊन दोन दिवस नुसते निरीक्षण केले, तरी पुस्तकातून न कळणाऱ्या अनेक गोष्टी कळतात. विशेषतः तेथील शिक्षक मुलाला उत्तर देण्यासाठी किती वेळ थांबतात, हे पाहण्यासारखे असते.

मनुष्यबळाचा मुद्दा सरकारच्या पातळीवरचा आहे आणि तो शिक्षकांनी स्वतःच्या माथी घेऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात प्राथमिक स्तरावर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले आहे. राज्य शासनाने २०२४ मध्ये प्रत्येक शाळासमूह केंद्राला एक याप्रमाणे विशेष शिक्षकांच्या ४८६० पदांचा निर्णय घेतला. पद केंद्राला असले तरी ते शिक्षक तुमच्या शाळेत कोणत्या वारी येणार, हे ठरवून घेणे तुमच्या हातात आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात तो वार नोंदवा.

पैशांबाबतही विचारत राहा. ‘समग्र शिक्षा’ या शासकीय योजनेत प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे, आणि मुलींसाठी दरमहा २०० रुपये, दहा महिने, असा प्रोत्साहन भत्ता त्याव्यतिरिक्त आहे. आपल्या विद्यार्थिनीच्या खात्यात तो जमा होतो का, हे पालकांना विचारून घ्या. बँक खाते बंद पडल्यामुळे भत्ता अडकल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. बौद्धिक अक्षमता असल्याने ती राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ या एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्य विम्यासाठीही अर्ज करू शकते.

एका बाबतीत विशेष शिक्षिका ताईंच्या लेखनात भर घालतो. जोडवर्गात स्वतंत्र काम देणे कठीण असते, म्हणून मुलीला वर्गाच्याच कामात जागा द्या. गणितात इतर मुले बिया घेऊन गुणाकार करत असतील तर तिने त्याच बिया पाच-पाचच्या वाट्यांत ठेवाव्यात. काम एकच असावे, त्याची काठिण्यपातळी निराळी असली तरी चालते. तिला कोपऱ्यात स्वतंत्र बसवले की उरलेली मुलेही तिला वर्गातली मानत नाहीत.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभार. वेलांटीची पद्धत मी कालपासून सुरू केली आहे आणि आरोग्य केंद्रात नेत्रतपासणीसाठी बोलले आहे. एक अडचण लगेच आली. मुलाची चाचणी मी तोंडी घेतली, तेव्हा दोघा-तिघांनी विचारले की त्यालाच का वाचून दाखवता, आम्हालाही दाखवा. त्याच्यासमोर याचे काय उत्तर द्यावे?

उत्तर : विशेष शिक्षिका, अहिल्यानगर जिल्हा

मॅडम, शक्य असेल तेव्हा त्यांनाही वाचून दाखवा. परिसर अभ्यासाची चाचणी वाचनाची परीक्षा नसल्यामुळे प्रश्न सर्वांना दोनदा मोठ्याने वाचून दाखवला तर कोणाचेच नुकसान होत नाही आणि आपला विद्यार्थी वेगळा पडत नाही. उत्तरही कोणाला चित्र काढून, कोणाला लिहून, कोणाला सांगून देता येईल, असे सर्वांसाठीच खुले ठेवा. बहुतेक मुले आपणहून लिहिणेच निवडतात. जेथे केवळ त्यालाच जास्त वेळ द्यावा लागतो, तेथे मुलांना सरळ सांगा की ज्याला ज्या कामात मदत लागते, त्याला ती या वर्गात मिळते, आणि त्याच दिवशी तोंडी हिशेबात त्या दोघा-तिघांना त्याच्या जोडीला बसवा. त्याच्या निदानाबद्दल मात्र वर्गात काहीही बोलू नका. ते सांगायचे की नाही, हे त्याने आणि त्याच्या पालकांनी ठरवायचे आहे. नेत्रतपासणी झाली की ‘प्रशस्त’चा पहिला भाग भरून गटसाधन केंद्रात द्या आणि पोहोच घ्यायला विसरू नका.